पोनी वॉशचं तळं

"थेन, एक विचारू? रागावणार नाही ना?" इनेझ तफोया पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "डोळे शेवटचे कधी तपासलेत तुम्ही?"

थेन सोरेन्सनच्या हातात खडकाची कांडी होती. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी त्याने ती खोक्यात ठेवली आणि मग विचारलं, "का? काय झालंय डोळ्यांना?"

"ते डॉक्टर सांगेल. मला पडद्यावर जे दिसतंय ते मी सांगते. या, बघा."

भूगर्भ खात्याच्या त्या खडकांच्या कोठारात इनेझने महिनाभर खपून आपलं यंत्र उभं केलं होतं. जमिनीत खोल बोअर मारून काढलेल्या गाळाच्या खडकाच्या कांड्या तिथे खोक्याखोक्यांतून छपरापर्यंत रचलेल्या होत्या. त्यातली एकेक उभी चिरलेली कांडी पुसून, ओल्या फडक्याने सारखी भिजवून ती पांढऱ्या दिव्यांखाली ठेवायची. शेजारी रंगांची पट्टी. वर रुळावरून कॅमेरा सरकत जायचा आणि संगणक केसाएवढ्या जाडीच्या थरालाही तीन आकडे द्यायचा: उजळ किती, लाल की हिरवा किती, पिवळा की निळा किती. ऑर्सन गावाच्या आसपासच्या डोंगरांत सगळी मेख रंगातच होती. लाल थर म्हणजे गाळ उघड्यावर वाळला, त्यातलं लोखंड गंजलं. हिरवट राखी थर म्हणजे तो पाण्याखाली बसला, त्याला वारा लागला नाही. कुठे कोरडं रान होतं आणि कुठे पाणी, हे रंग सांगत.

आजवर हे रंग माणसाने डोळ्यांनी बघून लिहिले होते. तो माणूस म्हणजे थेन. कॅमेऱ्याचे रंग आणि थेनचे रंग कितपत जुळतात ते पाहायला इनेझ न्यू मेक्सिकोहून आली होती.

"ही रेघ कॅमेऱ्याची, ही तुमची," ती म्हणाली. "सुरुवातीची सगळी वर्षं बघा. रेघेवर रेघ! माणसाच्या डोळ्याचं असलं काम मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे दोन प्रोफेसर एका खडकाला दोन रंग सांगतात आणि पुढे महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत."

"बरं मग?"

"मग गेली चार-पाच वर्षं. तुमची रेघ हळूहळू पिवळी पडत चाललीय. राखीला तुम्ही बदामी म्हणताय. निळसर हिरवा तुम्हाला शेवाळी दिसतोय. खडक काही म्हातारा होत नाही, थेन. डोळा होतो. माझ्या आजीचं अगदी असंच झालं होतं. मोतीबिंदू."

मोतीबिंदूची थेनला भीती नव्हती. पण त्याने हे रंग स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

"आणि आणखी एक गंमत," इनेझने दुसरं चित्र काढलं. "हा पोनी वॉशचा, त्या कोरड्या ओढ्याच्या दरीतला बोअर. बावीस-तेवीस वर्षांपूर्वीचा. इथे तुमची रेघ बरोब्बर उलटी आहे. लाल तिथे हिरवा, हिरवा तिथे लाल. वरपासून खालपर्यंत! चूक म्हणावी तर एकही चूक चुकलेली नाही."

"खोकी उलटी लागली असतील."

"खोकी उलटली तर वरचं खाली जाईल. रंग कसे उलटतील?" तिने कपाळावरचे केस मागे सारले. "साहेबांना, लॉरिनना सांगायला हवं. त्यांनी शोधलेलं ते जुनं तळं याच बोअरमधलं ना?"

थेनने खोक्याचं झाकण लावलं. "आत्ता नको," तो म्हणाला. "जेवून येतो आधी."

थेन सोरेन्सनला लाल आणि हिरवा यातला फरक जन्मात कळला नव्हता. आपल्याला तो कळत नाही हे मात्र कॉलेजात कळलं. डोंगरात नेलेल्या वर्गाला प्रोफेसरांनी हिरव्या थराच्या कडेकडेने जायला सांगितलं. पुढे थेन. तो लाल थर धरून इतक्या विश्वासाने चालत गेला की सगळा वर्ग एका परक्या कुरणात शिरला आणि तिथल्या बैलाने त्यांना कुंपणापर्यंत पोहोचवलं. त्या रात्री थेनने शिक्षण सोडायचं ठरवलं. खडकांवर त्याचा जीव होता. दुसरं काही येतही नव्हतं.

नवी नवरी नेड्रा तेव्हा गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात रंग मिसळायच्या काउंटरवर होती. कुणी फुटलेली फरशी आणावी, कुणी आजीच्या पडद्याची चिंधी. नेड्रा नुसती बघायची आणि डब्यात चार थेंब टाकून तोच रंग काढून द्यायची. थेनची सगळी रडकथा ऐकून ती म्हणाली, "एवढंच ना? रंग मी सांगेन. बाकीचं तू शीक." बटाटे मी सोलते, मका तू भाज, असं म्हणावं तितक्या सहज.

पुढची सगळी नोकरी अशीच झाली. कोठारासमोर रस्ता ओलांडला की घर. दुपारी थेन मफिनच्या साच्यात जमिनीतल्या खोलीच्या क्रमाने खडकाचे तुकडे मांडायचा, वर फडकं झाकायचा आणि घरी न्यायचा. नेड्रा एका हाताने सँडविच खात दुसऱ्या हाताने तुकडे फिरवायची. "हा डब्यातला वाटाणा. ही कलेजी. हा आपल्या बिशपचा टाय. रविवारचा नव्हे रे, मयताचा." सुरुवातीला ती प्रत्येक तुकडा छापील रंगपट्टीशी ताडून बघायची. पुढे पट्ट्या कपाटात गेल्या. "त्या मला पाठ आहेत," ती म्हणायची, आणि होत्याही. थेन तिच्या वाटाण्याचं आणि कलेजीचं शास्त्रीय भाषांतर करून लिहायचा. कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं की सोरेन्सनला रंग जेवणानंतरच सुचतात. "पोट भरलं की नजर बसते," असं तो सांगे, आणि दोन नव्या पोरांनी खरोखरच सकाळी उपाशीपोटी रंग लिहिणं सोडून दिलं होतं.

त्या दिवशी मात्र थेन साचा न घेताच घरी आला.

"तुकडे कुठायत?" नेड्राने विचारलं.

"नेड्रा, हा टेबलक्लॉथ कुठल्या रंगाचा आहे?"

"लोण्याचा. का?"

"काल तुझी बहीण त्याला पांढराशुभ्र म्हणाली."

"व्हेल्डाला काय कळतंय रंगातलं!"

थेन तिच्यासमोर बसला. इनेझची पिवळी पडत गेलेली रेघ, तिची आजी, मोतीबिंदू, सगळं त्याने सांगितलं. नेड्रा आधी हसली. मग तिने एक डोळा झाकून खिडकीबाहेर पाहिलं. मग दुसरा झाकून पाहिलं.

"दिव्यांभोवती हल्ली पिसारा दिसतो," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, गावाने दिवे बदलले."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आपल्या घरात एकच डोळा धड आहे, तोही गेला म्हणून?"

थेनने तिच्या हातावर हात ठेवला. तो तसाच ठेवून पुढचं विचारावं की नाही, याचा त्याने थोडा विचार केला.

"अजून एक आहे. पोनी वॉशचा बोअर आठवतो? त्यात सगळं उलटं लागलंय. लालला हिरवा, हिरव्याला लाल."

नेड्राने हात काढून घेतला आणि उठून आधीच स्वच्छ असलेली ताटली धुवायला लागली.

"नेड्रा?"

"तो उन्हाळा आठवतोय का तुला?" ती नळाकडे तोंड करून म्हणाली. "पायोनियर डेचं नाटक, आपले पूर्वज बैलगाड्यांतून इथे आले त्याचं. 'माझी नेड्रा सगळ्यांचे कपडे शिवील,' असं भरल्या सभेत उठून कोण म्हणालं? मला न विचारता? चर्चच्या सगळ्या वॉर्डाचे बॉनेट, झगे, आणि वर सोंगातल्या बैलांची कातडी!"

"मी म्हणालो होतो. बरं मग?"

"मग काय! रात्री बैल शिवायचे आणि दुपारी तुझे दगड बघायचे. मी म्हटलं, थांब. सांगितले उलटे."

"सगळे?"

"करायचं तर नीट करावं माणसाने." ती वळली. "मला वाटलं, दोन दिवसांत कुणीतरी पकडेल, तुझी फजिती होईल, मी हसेन आणि मिटेल. कुणी पकडलंच नाही! तुमच्या त्या एवढ्या मोठ्या कचेरीत खोकं उघडून दगड बघायची कुणाला बुद्धी होऊ नये?"

"आणि लॉरिनचं तळं?"

"तळं निघेपर्यंत माझा राग कधीच गेला होता," नेड्रा म्हणाली. "पण तळं काही परत घेता येईना."

तळं निघालं होतं ते असं. कचेरीचा प्रमुख लॉरिन ब्लेझडेल याने थेनचे लिहिलेले रंग वाचले. पोनी वॉशच्या आजूबाजूचे सगळे बोअर लालभडक आणि मधल्या एकाच बोअरमध्ये हिरव्याचा जाडजूड थर. लॉरिनने अनुमान काढलं की त्या कोरड्या रानाच्या मधोमध अरुंद आणि अतिशय खोल असं तळं होतं. इतकं अरुंद तळं कसं असेल, असं कुणी विचारलं की तो म्हणे, "म्हणूनच तर ते खोल आहे!" त्यावर त्याने लेख लिहिला, चार गावांत भाषणं दिली, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला टेकडीवर तळ्याचा फलक बसवून घेतला. उद्घाटनाला नेड्रा पहिल्या रांगेत होती. टाळ्याही तिने वाजवल्या, आणि सगळ्यांत शेवटी थांबवल्या.

डॉक्टरकडे दोघं बरोबरच गेले. नेड्राच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, तोही चांगला मुरलेला. "तुम्ही गाडी कशी चालवत होता?" डॉक्टरने विचारलं. "सवयीने," नेड्रा म्हणाली. आता आलाच आहात तर, म्हणून त्याने थेनलाही बसवलं आणि रंगीत ठिपक्यांचं पान समोर धरलं.

"काय दिसतंय?"

"ठिपके."

"ठिपक्यांत आकडा?"

"नाही, ठिपकेच."

डॉक्टरने पानं उलटली. ठिपके, ठिपके आणि ठिपके. "तुमचं काम काय असतं?" त्याने सहज विचारलं.

"खडकांचे रंग लिहितो," थेन म्हणाला.

डॉक्टरने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

लॉरिनला सांगायला जाताना थेनने रविवारचा कोट घातला होता. लॉरिन येत्या वसंतात निवृत्त व्हायचा होता. टेबलावर नातवंडांचे फोटो होते आणि त्यातल्या एकात ती सगळी फलकापुढे उभी होती. त्या मुलांच्या बोलण्यात पोनी वॉश नव्हतंच. 'आजोबांचं तळं' होतं.

थेनने उभ्यानेच सगळं सांगितलं. कॉलेज, बैल, मफिनचा साचा, कलेजी, वाटाणा. लॉरिन ऐकत होता. तळ्यापर्यंत आल्यावर थेनने तेही सांगून टाकलं.

"नेड्राने?" लॉरिनने विचारलं.

"हो."

"पायोनियर डेच्या कपड्यांवरून?"

"हो."

लॉरिन खुर्चीत मागे रेलला. "थेन, त्या नाटकात मी बैल होतो."

"ठाऊक आहे मला."

"पुढचा अर्धा. त्या कातड्यात अंगाची अशी खाज सुटली होती की पहिल्याच प्रवेशात मी अख्खी गाडी उलटवली."

"तेही तिने मुद्दाम केलं असेल," थेन खाली मान घालून म्हणाला. "लॉरिन, मी राजीनामा आणलाय."

"ठेव तो खिशात. कारण काय लिहू मी? बायकोला न विचारता सभेत बोलला?" लॉरिन हसला, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. तो उठून खिडकीशी गेला. "मी एकदाही खोकं उघडलं नाही, थेन. तुझं अक्षर इतकं छान होतं, की खडक बघायची गरजच वाटली नाही."

मग तो कोठारात आला आणि इनेझला म्हणाला, "पोनी वॉश लाव."

तिने कांड्या पुसल्या, भिजवल्या आणि दिव्यांखाली मांडल्या. लॉरिन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. ज्या ठिकाणी त्याचं तळं सगळ्यांत खोल होतं तिथे तो थांबला आणि त्याने खडकावर बोट ठेवलं. खडक लाल होता. नेड्राच्या भाषेत कलेजी. कुठे पाणी नाही, कुठे ओल नाही. उन्हाने तडकलेल्या चिखलाच्या जुन्या भेगा मात्र स्वच्छ दिसत होत्या.

"सुरेख लाल आहे," लॉरिन म्हणाला.

इनेझने पडद्यावर बाकीच्या रेघा काढल्या. ती म्हणाली, "सर, बाकीचे सगळे बोअर मात्र अगदी अचूक जुळतायत. थेनचा डोळा म्हणजे—" आणि तिने थेनकडे पाहिलं. तो नकारार्थी मान हलवत होता. "तो डोळा तुमचा नव्हता?"

"माझी बायको," थेन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने हे त्या छपराखाली उघडपणे म्हटलं, आणि आपला आवाज एवढा मोठा का आला याचं त्यालाच नवल वाटलं.

दुरुस्तीचा लेख लॉरिनने स्वतः लिहिला. तळं नव्हतं, असं पहिल्याच वाक्यात लिहिलं. कशामुळे, ते दुसऱ्या वाक्यात, पण बैलांचा उल्लेख न करता. लेखकांत नेड्रा सोरेन्सन हे नाव घालायचा आग्रह इनेझचा होता.

नेड्राच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर ती घरी आली. स्वयंपाकघराच्या दारातच ती थबकली.

"हे काय आहे?"

"काय?"

"भिंती!"

तीन वर्षांपूर्वी तिने त्या भिंतींना स्वतः मिसळलेला, साईसारखा म्हणून रंग दिला होता. भिंती सणसणीत निळ्याजांभळ्या होत्या.

"मला तर निळ्या दिसतात," थेन म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेने लावला होतास. आणि रंगातलं मी काय बोलणार?"

"आणि व्हेल्डा? बिशपची बायको? सगळ्या म्हणायच्या, 'किती थंड वाटतं गं इथे!'" नेड्रा खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. डॉक्टरने हसायला मनाई केलेली नाही ना, हे थेनने कागदावर दोनदा वाचून पाहिलं.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी लॉरिनचा फोन आला. टेकडीवरचा फलक काढायचा होता, पाना धरायला माणूस हवा होता. "खात्याची माणसं येतील की," थेन म्हणाला. "ती सोमवारी येतील," लॉरिन म्हणाला. "आणि कशीही उपटून नेतील."

नेड्रा हट्टाने बरोबर निघाली. तिने चिकन आणि बटाट्याचं कॅसरोल करून घेतलं होतं. मयताच्या घरी नेतात ते. दुसरं काय न्यावं ते तिला सुचलं नव्हतं. गाडीतून उतरल्यावर काळा चष्मा सावरत ती थेट लॉरिनपुढे जाऊन उभी राहिली.

"लॉरिन, मी तुझं फार नुकसान केलं."

"ती गाडी मीच उलटवली होती," लॉरिन म्हणाला.

"मी तळ्याचं म्हणतेय."

"हो. कळलं मला."

फलकाचे नट गंजले होते. थेनने पाना धरला, लॉरिनने जोर लावला. दोघांनी मिळून फलक खाली घेतला. लॉरिनने त्याच्यावरची धूळ बाहीने पुसली, पिकअपच्या मागच्या भागात घोंगडी पसरली, फलक त्यावर ठेवला आणि घोंगडीची उरलेली बाजू वर नीट ओढली.

मग तिघं टेकडीच्या कडेला बसून कॅसरोल खात राहिले. खाली पोनी वॉश पसरलं होतं. उन्हं कलली होती आणि दरीत सावली भरत चालली होती. लॉरिन फारसं खात नव्हता.

"नेड्रा," थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुझा एक डोळा नवा आहे ना? आणि दुसरा जुनाच?"

"पुढच्या महिन्यात होईल तोही."

"मग दोन्हींतून वेगवेगळं दिसत असेल."

"अगदी वेगळं. नव्यातून सगळं धुतल्यासारखं. जुन्यातून चहात बुडवल्यासारखं."

लॉरिनने दरीकडे हात केला. "जुन्यातून बघ की जरा."

थेनने नेड्राकडे पाहिलं. नेड्राने चष्मा काढला, तळहाताने उजवा डोळा झाकला आणि दरीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. वारा तिचे केस तोंडावर आणत होता, पण तिने ते सारले नाहीत.

"आहे," ती म्हणाली. "तिकडे खाली. अरुंद आहे, पण खोल आहे हं."

लॉरिनने ताटली बाजूला ठेवली. डोक्यावरची टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली आणि तो तसाच, सावली दरीच्या काठापर्यंत येईतो, बसून राहिला.